जुबेरच्या आठ मात्रा

गाणं करायला थोडी अक्कल लागते आणि ते विकायला भरपूर निगरगट्टपणा. आमच्या ‘तिसरी घंटा’ बँडमध्ये अक्कल तस्नीम आणि जुबेर या बहीणभावांकडे होती. दुसरं खातं माझ्याकडे.

मी श्रेणिक मगदूम, राहणार सांगली. ढोलकी वाजवतो. बरी वाजवतो, असं लोक तोंडावर म्हणतात. तस्नीम गाणी लिहायची आणि गायची. तिचा धाकटा भाऊ जुबेर सतार वाजवायचा. मिरजेतलं सतारमेकरांचं घर ते. खाली कारखाना, वर बिऱ्हाड, आणि जिन्यात सुकायला टांगलेले भोपळे. वर जाताना दरवेळी कपाळावर एक तरी आदळायचा.

सन २०३४ मध्ये आपलं आपण गाणं काढून विकणं म्हणजे पुरात पाणी विकायला बसण्यातला प्रकार होता. खरं तर पुरात पिण्याचं पाणी तरी खपतं, आम्हा सांगलीकरांना ते चांगलं ठाऊक आहे. आमचं गाणं तेवढंही खपत नव्हतं. यंत्रं दिवसाला लाखो गाणी पाडायची आणि त्यात आमचं एखादं पडलं तर आवाजसुद्धा व्हायचा नाही. मी चहाच्या टपऱ्यांवर स्टिकर चिकटवले, कॉलेजांच्या गॅदरिंगला फुकट वाजवलं, नेटवर गाण्यांच्या याद्या बनवणाऱ्या दीडशहाण्यांना शेकडो मेल पाठवले. शेवटी एक वही केली. गाणं आवडलं असं कुणी म्हटलं की त्याचं नाव आणि नंबर वहीत. नवं गाणं आलं की मी एकेकाला फोन करायचो. “ऐकलंत का? कसं वाटलं?” तीनशे बारा माणसं होती वहीत. तस्नीम हसायची. म्हणायची, “श्रेण्या, तू गाणं विकालास का लग्नाचं आवतण द्यालास?”

मग जुबेर गेला. डेंग्यू झाला आणि चार दिवसांत खेळ आटोपला. तेवीस वर्षांचं पोर.

त्यानंतर तस्नीमनं ‘वाळवण’ लिहिलं. ‘सुकल्याशिवाय वाजत नाही, भोपळा असो की माणूस’ असं त्याचं धृपद. दुसऱ्या कडव्यानंतर सतारीची जागा होती, केरव्याचं एक आवर्तन, आठ मात्रा. ती जागा आम्ही मोकळी ठेवली. तस्नीम गप्प उभी राहायची, मी हात ढोलकीवरून उचलून घ्यायचो, आणि आठ मात्रा झाल्या की तिसरं कडवं. रेकॉर्डिंगमध्येही तिथे काही नव्हतं, खोलीतला पंखा तेवढा ऐकू यायचा.

आणखी एक होतं. बँडमध्ये माणसं किती, असं कुणी विचारलं की आम्ही तीन सांगायचो. पोस्टरवर तीन नावं. आयोजकानं स्टेजवर दोनच खुर्च्या ठेवल्या तर मी भांडून तिसरी आणायचो. लोकांना ते वेड वाटायचं. वाटू दे, आमचा तो नेमच होता.

वहीतल्या लोकांना ‘वाळवण’ ऐकवलं तेव्हा पहिल्यांदा असं झालं की प्रत्येकजण एकच गोष्ट बोलला. मालगावचे दिवटे गुरुजी म्हणाले, “ते मध्ये थांबता ना, तिथं घशात काहीतरी येतं बघा.” तासगावच्या पद्मावहिनी म्हणाल्या, “तिथं मी भाजी परतायची थांबले.” तीनशे बारा माणसं एकाच ठिकाणी थांबली होती. पण शेवटी तीनशे बाराच. पुढे सरकेना.

तेव्हा ‘कर्णिका’ आली.

कर्णिका म्हणजे कानात घालायची वाटाण्याएवढी बोंडं. दिसायला साधी, पण कानाच्या आतल्या कातडीला टेकतील असे चार इलेक्ट्रोड त्यांत होते. मेंदूत चाललेल्या विजेच्या लहरी कवटीतून झिरपत तिथवर येतात. फार क्षीण असतात, पण येतात. गाणं ऐकताना मेंदू स्वस्थ बसत नाही, पुढचा सूर कोणता येईल याचा तो सतत अंदाज बांधत असतो. अंदाज खरा ठरला की एक लहर उठते, चुकला की दुसरी. आणि अंदाज चुकला तरी आलेला सूर आवडला, की तिसरी उठते आणि अंगावर काटा येतो. ही तिसरी लहर अर्ध्या सेकंदाच्या आत उमटते, म्हणजे ऐकणाऱ्याला कळायच्या आधी कर्णिकेला कळतं.

पुढचं काम सोपं. गाण्याचे थर सुटे केलेले असतात, आवाज वेगळा, ठेका वेगळा, सतार वेगळी. ज्यावर काटा येतो ते पुढच्या वेळी केसभर वाढतं, ज्यावर येत नाही ते केसभर कमी होतं. कमी पडेल ते नमुन्यांवरून नवं तयार होतं. शिंपी कापड तेच घेतो आणि ज्याच्या त्याच्या मापानं बेततो, तसं. दहा वेळा ऐकलं की गाणं त्या एका माणसाच्या अंगासरशी बसतं, आणि मग तो ते सोडत नाही. छोट्या बँडांना कर्णिकेची कंपनी दार उघडं ठेवायची, कारण यंत्रानं पाडलेल्या गाण्यांवर तिसरी लहर नीट उठत नव्हती. त्यांना खऱ्या माणसांचं कापड हवं होतं.

“गाण्याला हात लावणार न्हाईत ना?” तस्नीमनं विचारलं.

“किंचित. मापापुरतं,” मी म्हणालो. करार मी निम्माच वाचला होता. उरलेल्या निम्म्यात काय असतं ते ज्यांची गाणी आधीच खपतात त्यांनी वाचावं.

“मी मात्र ते बोंड कानात घालणार न्हाई. माझं गाणं मला येतंय.”

फॉर्म मी भरला. ‘सदस्यांची संख्या’ अशी चौकट आली आणि मी नेमाप्रमाणे तीन लिहिलं. लगेच तांबडी ओळ उमटली: तिसऱ्या सदस्याच्या वादनाचा नमुना गाण्यात आढळला नाही, कृपया जोडा. मला वाटलं, आधारकार्ड मागतात तसं ओळख पटवायला मागत असतील. माझ्याकडे जुबेरच्या तालमींचा पेनड्राइव्ह होता. सहा तासांचं वादन, त्यात मधूनमधून त्याचं खोकणं, हसणं, वरच्या मजल्याकडे तोंड करून “अम्मी, चाय!” असं ओरडणं. मी सगळंच्या सगळं जोडलं. दोन लिहिलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण दोन लिहायला माझा हात वळला नसता, आजही वळणार नाही.

दोन महिन्यांत ‘वाळवण’ नव्वद हजार लोकांच्या कानांत गेलं. मी वही काढून फोन लावायला बसलो.

“सतार काय धावतीय हो मध्ये!” दिवटे गुरुजी म्हणाले. “तिथं मला नाचावंसं वाटलं. या वयात!”

“मध्ये म्हणजे कुठे?”

“दुसऱ्या कडव्यानंतर. आधी तिथं थांबायचात ना, ते काढलंत, बरं केलंत.”

पद्मावहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “धावतीय? छे हो, किती संथ आहे ती. एकेक सूर थेंबासारखा पडतो.”

मी फोन ठेवला आणि कर्णिकेची बोंडं विकत आणली. दुसरं कडवं संपलं, मी सवयीनं श्वास रोखला, आणि जुबेर वाजवायला लागला.

त्याचीच सतार होती. तारा टेकतात त्या घोडीवरची पट्टी कानशीनं घासून तार बोलती करतात, त्याला जवारी काढणं म्हणतात. जुबेरनं स्वतःच्या सतारीची जवारी शिकाऊ हातानं काढली होती आणि एका जागी जास्त घासली गेली होती. खालच्या तारेवर तो एक सूर लागला की झर्र व्हायचं. वडील होते तोवर त्यावरून त्याला शिव्या घालायचे. माझ्या कानातही ते झर्र झालं. मी सांगलीच्या भर बाजारात रसवंतीच्या बाकड्यावर बसून लहान पोरासारखा रडलो. आणि मग पुन्हा लावलं.

तस्नीमला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी गाणं मागे घ्यायला लावलं असतं. मला जुबेर हवा होता आणि नव्वद हजार लोकही हवे होते. खोटं कशाला बोलू?

त्याहून मोठं पाप पुढे केलं. त्यांच्या आईला मीही अम्मीच म्हणतो. जुबेर गेल्यापासून अम्मी दिवसचे दिवस खिडकीशी बसून असायच्या, जेवणावरून वासना उडालेली. मी बोंडांचा आणखी एक जोड आणला आणि तस्नीम बाहेर असताना त्यांच्या कानांत घातला.

“काय हाय हे बेटा?”

“ऐका तर.”

त्यांनी ऐकलं. आठ मात्रांच्या जागी आल्यावर त्यांचा हात हवेत तसाच राहिला. मग त्या म्हणाल्या, “हे झर्र. खालून हे झर्र आलं की मला कळायचं, पोरगं घरात हाय.” त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली. मी स्वतःची पाठ थोपटत घरी गेलो.

तस्नीमला एवढंच कळलं की अम्मी आपलं गाणं ऐकतात. ती किती खूश झाली होती! जुबेर पोटात असल्यापासून अम्मींचा जीव त्याच्यावर. पोरगी हुशार आहे, तिचं तिला जमतं, असं म्हणून तिच्या वाटणीचंही त्यालाच मिळायचं. “पहिल्यांदा माझं गाणं दिवसभर ऐकालीय,” तस्नीम मला म्हणाली, “आणि गालात हसतीय, श्रेण्या.” मी मान डोलावली.

चार महिन्यांनी सांगलीच्या नाट्यगृहात आमचा कार्यक्रम ठरला. संध्याकाळी सहाचा. आठशे खुर्च्या, आठशे तिकिटं, सगळी गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेही स्टिकर न चिकटवता हाऊसफुल्लचा बोर्ड पाहिला. अम्मी पहिल्या रांगेत होत्या. लेकीसाठी म्हणून त्यांनी बोंडं काढून मुठीत धरली होती. स्टेजवर तीन खुर्च्या होत्या.

तस्नीम गायला लागली आणि लोकांत चुळबूळ सुरू झाली. हा आवाज इतका पुढे का, हा ठेका असा का, असं एकमेकांत चाललेलं. त्यांचं गाणं हे नव्हतंच. कुणाच्या मापात ढोलकी होती, कुणाच्यात नव्हती. तरी दुसऱ्या कडव्यापर्यंत आम्ही रेटलं. मग ती जागा आली. तस्नीम गप्प झाली. मी हात उचलले.

आणि आठशे माणसं एकदम गुणगुणायला लागली. ज्याला त्याला त्याची सतार पाठ होती. कुणाची धावत होती, कुणाची रांगत होती, कुणी टाळ्या धरल्या, कुणी मान हलवत तान घेतली. एकाचं दुसऱ्याशी जुळेना. बाजार उठावा तसा गलका झाला आणि लोकच गोंधळून शेजाऱ्याकडे बघायला लागले. तस्नीमला नववी मात्रा सापडली नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान खाली घातली. तिथेच तिला कळलं असावं.

पहिल्या रांगेत अम्मींनी मूठ उघडली, बोंडं कानांत घातली आणि डोळे मिटून घेतले. मुलगी समोर उभी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरजेला गेलो. तस्नीम अम्मींचा फोन पुढ्यात ठेवून म्हणाली, “तिची प्रत लाव. स्पीकरवर. मला ऐकायचंय.”

आमचं गाणं साडेचार मिनिटांचं. अम्मींचं अकरा मिनिटांचं झालं होतं. सुरुवातीलाच ते झर्र. मग पुन्हा झर्र. ठेका नाही, धृपद नाही, पहिलं कडवं नाही. नुसती ती एक तार, जवळ येणारी, लांब जाणारी. तस्नीम आपल्या आवाजाची वाट बघत बसली होती. पाचवं मिनिट गेलं, सातवं गेलं. नवव्या मिनिटाला जुबेर म्हणाला, “अम्मी, चाय.”

“लायी बेटा,” अम्मी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, आणि चहाचा पेला आणून खिडकीत ठेवून गेल्या. खिडकीत आधीचे तीन पेले होते, साय धरलेले.

“यात मी कुठं हाय रे?” तस्नीमनं विचारलं.

मला कारण ठाऊक होतं आणि सांगायची लाज वाटत होती. रोज कानावर पडणाऱ्या आवाजाचा मेंदू अचूक अंदाज बांधतो, आणि अचूक अंदाजावर काटा येत नाही. तस्नीम घरात होती. सकाळी उठवत होती, औषध देत होती, भाकरी वाढत होती. म्हणून दरवेळी ती केसभर कमी झाली. चार महिन्यांत पुरती संपली.

कंपनीला फोन लावला. गार्गी नावाची एक मुलगी फार गोड बोलली. “आम्ही काहीच काढत नाही सर. श्रोत्याचा कान काढतो.” आवाज परत घालता येईल का? “तसा हस्तक्षेप करत नाही सर.” फक्त एक प्रत बंद होईल का? “प्रत श्रोत्याच्या मालकीची असते. तुम्ही मूळ गाणं मागे घेऊ शकता. मग सगळ्याच प्रती जातील.” परत मिळतील? “नाही सर. कानाची माहिती खासगी असते, आम्ही साठवत नाही.”

तस्नीम ऐकत होती. “खातं तुझ्या नावावर हाय,” ती म्हणाली. “तू ठरव. मी अम्मीकडनं तेवढं काढून घेणारी न्हाई. आणि ठेव म्हणणारी पण न्हाई.”

मी ठरवायला आठ दिवस घेतले. पुण्याच्या दोन कार्यक्रमांचं बोलणं चालू होतं, ते निमित्त होतं. खरं म्हणजे माझ्या कानांतला जुबेर मलाच सोडवत नव्हता.

नवव्या दिवशी दुपारी पुण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरं दाखवायला मिरजेला गेलो. जिन्यात भोपळा कपाळाला लागला. वर अम्मी खिडकीशी बसल्या होत्या, कानांत बोंडं, चेहऱ्यावर ते हसू. आतल्या खोलीत तस्नीम सतरंजीवर पडलेली. अंग भट्टीसारखं तापलेलं, ओठ फुटलेले, फोन हातातून निसटून कपाटाखाली गेलेला.

“सकाळपास्नं हाका मारालीय,” ती म्हणाली. “पाणी दे.”

दोन खोल्यांमध्ये एक पडदा होता फक्त. जुबेरलाही असाच ताप चढला होता आणि तेव्हा याच बाईनं चार दिवस त्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं.

मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. सलाईन लागली. रिपोर्टची वाट बघत बाहेरच्या बाकावर बसलो, फोन काढला आणि ‘गाणं मागे घ्या’वर बोट ठेवलं. कर्णिका फार सभ्यपणे विचारते: आपली खात्री आहे का? तीनदा विचारते. तिन्ही वेळा मी हो म्हटलं. माझ्या कानांत त्या वेळी बोंडं नव्हती. शेवटचं एकदा ऐकून घ्यावं, हे मला नंतर सुचलं.

डेंग्यू नव्हता. पाच दिवसांत तस्नीम घरी आली, वाळलेली, भिंत धरून चालणारी. मी बरोबर होतो. अम्मी खिडकीशीच होत्या. बोंडं कानांत तशीच. त्यांनी लेकीकडे बघितलं, “आलीस?” म्हणाल्या, आणि पुन्हा बाहेर बघू लागल्या.

“अम्मी, ते गाणं मी बंद केलं,” मी म्हणालो. “मी केलं. तस्नीमनं न्हाई.”

“बंद कुठं?” त्या म्हणाल्या. “थांबलाय थोडा. तार लावत आसल.”

तस्नीम त्यांच्यासमोर खाली बसली. तिनं हळूच त्यांच्या कानांतली बोंडं काढली. अम्मींनी काढू दिली. मग ती गायला लागली. आवाजात ताप होता, श्वास पुरत नव्हता, पण ते ‘वाळवण’च होतं, पहिल्यापासून, जसं केलं होतं तसं. मी मांडीवर ठेका धरला. अम्मी मुलीच्या तोंडाकडे बघत होत्या. धृपदाला त्यांची मान किंचित हलली. मी पाहिलं ते. तस्नीमनंही पाहिलं आणि तिचा आवाज एकदम मोकळा झाला.

दुसरं कडवं संपलं. ती गप्प झाली. मी हात उचलला.

अम्मी पुढे झुकल्या. खालच्या कारखान्यात कुणीतरी लाकूड घासत होतं तेवढाच आवाज. आठ मात्रा झाल्या आणि तस्नीमनं तिसऱ्या कडव्याचा पहिला शब्द उचलला.

“श्श.” अम्मींनी तिच्या तोंडावर हात ठेवला. मायेनंच ठेवला. “गप बैस, तस्नीम. त्याला वाजवू दे.”

तस्नीम थांबली. तोंडावर आईचा हात, डोळे माझ्याकडे. मी मांडीवर बोटानं मात्रा मोजत राहिलो. सोळा झाल्या, बत्तीस झाल्या, चौसष्ट झाल्या. अम्मींनी हात काढला नाही. पुढे मी मोजायचं सोडून दिलं.